भेजो म्हटल्याशिवाय

आमच्या ऑफिसात घड्याळ न घालणारा एकच माणूस होता आणि वेळ सगळे त्यालाच विचारायचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणानं विचारलं, ‘काका, तुम्ही घड्याळ का नाही घालत?’ त्यांनी हातातली कचोरी खाली ठेवली. खाताना महत्त्वाचं बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

‘अर्धं इंदूर माझ्या भोंग्यावर घड्याळ लावून राहिलं होतं बेटा,’ ते म्हणाले. ‘आता मी कोणाच्या भोंग्यावर लावू?’

काका कापड मिलच्या टाइम ऑफिसात होते. कामगारांच्या हजेरीचं काम होतंच, पण खरं काम भोंग्याचं. पाळी सुरू व्हायची वेळ झाली की उभं राहायचं, दांडा ओढायचा आणि भोंगा पुरता संपेपर्यंत धरून ठेवायचा. नंदानगर, परदेशीपुरा, पाटणीपुरा सगळीकडे चुली त्या आवाजावर पेटत. पुढे एकेक करून मिल बंद पडल्या, तशी त्यांचीही पडली. मग काही वर्षं त्यांनी एका एसटीडी बूथवर काढली आणि तिथून ते आमच्याकडे आले. येताना बूथवरची एक सवय घेऊन आले. दर सकाळी टेलिफोनवाल्यांच्या बोलत्या घड्याळाला फोन लावायचे, त्यातली बाई सांगेल ती वेळ ऐकून घ्यायचे, ‘ठीक है’ म्हणून तिला शाबासकी द्यायचे आणि मग दारात उभे राहून आम्हाला सांगायचे, ‘दहा वाजले.’ त्यानंतर आलेला माणूस उशिरा आलेला असायचा, मग भिंतीवरचं घड्याळ काहीही म्हणो.

ऑफिस राजवाड्याच्या मागे, भांड्यांच्या दुकानावर होतं. खाली पितळी घागरींचा आवाज, वर आमचे कीबोर्ड. घाऊक व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलं आणि मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवत होतो. त्यात काही सुधारणा केली की आधी आमचा एक माणूस फ्लॉपींची पिशवी घेऊन स्कूटरवर दुकानोदुकानी फिरायचा. मग टेलिफोनच्या तारेतून किरकिरत इंटरनेट आलं. आमचा मालक माझ्याच वयाचा, बंगलोरला दोन वर्षं राहून परतलेला. त्यानं जाहीर केलं की आता अपडेट इंटरनेटवरूनच जाणार. व्यापाऱ्यानं नेट जोडायचं, आमच्या सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबायचं, आमच्याकडून नवी फाइल त्याच्याकडे उतरणार. हे व्यापाऱ्यांना फोनवर समजावून सांगायला एक माणूस हवा होता. आमच्यापैकी कोणाचं ते ऐकून घेत नव्हते. काकांचं ऐकत. मिलच्या मशिनींवर मात करत घडलेला आवाज होता तो, न ऐकून जाणार कुठे?

कॉम्प्युटर मात्र त्यांच्या हाताला लवकर बसला नाही. आमच्या बाजूनं फाइल कशी सोडायची ते शिकवताना पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ‘काका, आता एंटर दाबा.’ ते उठून उभे राहिले, बोट ठेवलं आणि दाबून धरलं. पूर्ण भोंगाभर. स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न येत गेले, ‘नक्की का?’, ‘जुनं पुसायचं का?’, ‘खरंच पुसायचं का?’ आणि काकांचं बोट सगळ्यांना हो म्हणत गेलं. आमची अख्खी चाचणीची मशीन साफ झाली. बोट उचलून ते शांतपणे म्हणाले, ‘झालं. सगळीकडे ऐकू गेलं असेल.’ मालकानं कपाळाला हात लावला. पण तो त्यांना अहो-जाहो करायचा आणि ते त्याला साहेब म्हणायचे, त्यामुळे दोघांनाही एकमेकांवर धड रागावता येत नसे.

पुढे ते एंटर दाबून सोडायला शिकले, उभं राहणं मात्र सुटलं नाही. अपडेट निघालं की काका उभे आणि पलीकडच्याचा ‘हो गया’ असा फोन येईपर्यंत उभेच. त्या काळच्या नेटवर एक फाइल उतरेपर्यंत चहा थंड होऊन त्यावर साय धरायची, तरी ते बसत नसत. मी एकदा खुर्ची पुढे सरकवली. ती त्यांनी पायानं हळूच मागे ढकलली. ‘भोंगा संपेपर्यंत बसायचं नसतं,’ ते म्हणाले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फोन लावायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या. काय तसंच राहणार, काय बदलणार आणि अडलं तर कोणाला विचारायचं. त्यातही तसंच राहणारं आधी. मग त्या माणसाकडून ते सगळं पुन्हा म्हणवून घ्यायचं आणि तो ‘समझ गया, भेजो’ म्हणाल्याशिवाय अपडेट सोडायचं नाही. सियागंजात एक किराणावाले शेठ होते. त्यांच्याशी चाललेलं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

‘शेठजी, पहले सुनो क्या नहीं बदला. बिल वैसा का वैसा. स्टॉक वैसा का वैसा. आपकी कुर्सी भी वही.’

‘कुर्सी तो मेरी है भिया, उसको तुम क्या बदलोगे!’

‘इसीलिए बोला. अब बदला क्या? जो तारीख हाथ से डालते थे, वो अपने आप आएगी. अटक जाओ तो किसको पूछोगे?’

‘तुमको.’

‘दुकान बंद होने के बाद अटके तो?’

‘तुमको, घर पे. नंबर है मेरे पास.’

‘तो?’

‘समझ गया, भेजो. पर आज नहीं, आज अमावस है.’

अमावास्या म्हटल्यावर काका हुज्जत घालत नसत. तो दिवस सोडून देत. मालक त्या वेळी खिडकीबाहेर बघत उभा असायचा.

हे ‘आधी काय तसंच आहे ते सांगा’ प्रकरण फक्त अपडेटपुरतं नव्हतं. एकदा ते जिना चढून वर आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. ‘बेटा, चावी तुझ्याकडे आहे. डबा तुझ्याकडे आहे. रेनकोटही वरच आहे,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘हो, मग?’ ‘गाडी नाही,’ ते म्हणाले. खाली लावलेली माझी लुना चोरीला गेली होती. मी रडकुंडीला आले. पण त्या रडण्यातही मी रेनकोट घट्ट धरून बसले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. काकांना आधीच माहीत असावं. त्यांच्या मते घाबरलेल्या माणसाला धरायला काहीतरी द्यावं लागतं आणि ते वाईट बातमीच्या आधी द्यावं लागतं.

असं असूनही इंटरनेटवरच्या आमच्या पहिल्या मोठ्या अपडेटचा काकांनी जो बोजवारा उडवला, तसा पुन्हा कोणाला उडवता आलेला नाही. त्यांनी दोन दिवस खपून गावातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना फोन केले आणि प्रत्येकाला सांगितलं, ‘मंगळवार. ठीक साढ़े ग्यारह. ना आगे, ना पीछे.’ आमच्या व्यापाऱ्यांना एरवी वेळेचं काही सोयरसुतक नव्हतं. काकांच्या आवाजात वेळ ऐकल्यावर मात्र त्यांनी ती पाळली. मंगळवारी साडेअकराला सियागंजपासून कापड मार्केटपर्यंत सगळ्यांनी एकदम इंटरनेट जोडायचा तोच एक नंबर फिरवला. बहुतेकांना एंगेज टोन मिळाला. जे आत शिरले ते सगळे आमच्या कोपऱ्यातल्या बिचाऱ्या सर्व्हरवर एकदम कोसळले, त्यानं मान टाकली आणि प्रत्येकाकडे अर्धीच फाइल पोचली. अर्ध्या गावाकडे ना जुनं सॉफ्टवेअर राहिलं ना नवं आलं. काका या सगळ्यात एका हाताची मूठ वळून उभे होते. दांडा नव्हता, पण मूठ होती.

‘काका, सगळ्यांना एकच टाइम कशाला दिला?’ मालकाचा आवाज रडवेला झाला होता.

‘एका भोंग्यावर अख्खी पाळी आत यायची साहेब. कधी कोणी अडकलं नाही.’

‘मिलचं गेट केवढं होतं काका!’

काकांनी कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘हे साहेब मला कोणी सांगितलं नाही.’ त्या संध्याकाळी आम्ही सगळे फ्लॉपींची पिशवी काढून दुकानोदुकानी फिरलो. काका माझ्याबरोबर होते. प्रत्येक दुकानात शिरल्यावर ते आधी सांगत, ‘आपकी कुर्सी वही है.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाळ्या लावल्या. किराणावाले सकाळपाळी, कापडवाले दुपारपाळी, सांवेर रोडचे कारखानदार संध्याकाळी. एखादा कापडवाला चुकून सकाळी आला तर त्याला घरी पाठवत. म्हणजे फोन ठेवून देत. यंत्रणा उत्तम चालली आणि दोनएक वर्षं तरी इंदूरचे व्यापारी आमचं सॉफ्टवेअर पाळीनं अपडेट करत होते. त्यातल्या कोणालाही हे विचित्र वाटलं नाही.

मग मालकाच्या डोक्यात नवी कल्पना शिरली. कल्पना चांगली होती, हे मला कबूल केलं पाहिजे, कारण तिचा प्रोग्राम मीच लिहिला. सकाळी व्यापाऱ्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि नेट असलं की सॉफ्टवेअर गुपचूप आमच्याकडे बघणार, नवं काही असलं तर उतरवून घेणार आणि स्वतःला बदलून टाकणार. बटण नाही, फोन नाही. आता देवास, उज्जैन, रतलामकडूनही गिऱ्हाईक येत होतं. इतक्यांना फोन करणं काकांच्या आवाजालाही झेपणारं नव्हतं. ‘यूजरला पत्ताही लागता कामा नये,’ मालक आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाला. ‘बंगलोरला असंच करतात.’

‘पत्ता तर लागायला पाहिजे साहेब,’ काका म्हणाले.

‘कशाला पण? त्याचं काही अडून राहिलं नाही. बिल निघतंय, स्टॉक दिसतोय.’

काका समोरच्या पोह्यांवर शेव टाकत होते. डबा त्यांनी बंद केला, प्लेट बाजूला सरकवली. मी सावरून बसले.

‘मिल बंद झाली ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी मला निरोप आला,’ ते म्हणाले. ‘उद्या भोंगा देऊ नका, एवढाच. मी विचारलं का, तर म्हणे ऊपर से ऑर्डर है. मी घरी गेलो. जेवलो. गल्लीत चारजण भेटले, त्यांना मी काही बोललो नाही. मला वाटलं भोंग्याचं काही काम काढलं असेल. सकाळी भोंगा नाही झाला. लोकांना वाटलं घड्याळं बिघडली. धावत आले बिचारे, उशीर झाला म्हणून. डबे घेऊन. गेटला कुलूप. तेव्हा एकजण मला म्हणाला, मास्टर, तुम तो बता देते.’

खाली भांड्यांच्या दुकानात कोणीतरी घागर वाजवून बघत होतं. मालकानं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

‘मला काही ठाऊक नव्हतं साहेब. पण भोंगा होणार नाही, हे तर ठाऊक होतं ना? तेवढं सांगायला पाहिजे होतं.’

मग त्यांनी प्लेट पुढे ओढली आणि पोहे खायला घेतले. म्हणजे बोलणं संपलं.

मालक दुष्ट नव्हता. त्यानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘यार, ते सगळं ठीक आहे, पण मिल आणि बिलाचं सॉफ्टवेअर एक आहे का?’ एक नव्हतं, हे मलाही पटत होतं. आम्ही ते अपडेट सोडलं, गुपचूप. मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात चांगला प्रोग्राम होता तो. एकही मशीन अडली नाही, एकही फोन आला नाही. मालकानं समोसे मागवले.

काकांनी समोसा हातात घेतला नाही. त्यांनी सियागंजला फोन लावला.

‘शेठजी, आज अपडेट आया.’

‘कौन सा? इधर तो कुछ नहीं आया.’

‘आ गया. लग भी गया.’

‘किसने लगाया? मैंने तो भेजो बोला ही नहीं!’

काकांनी फोन ठेवला आणि पुढचा लावला. मग त्याच्या पुढचा. झालेल्या गोष्टीची खबर झाल्यावर तरी द्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत त्यांनी निम्म्या गावाला कळवलं की तुमच्या नकळत तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बदललेलं आहे. जे काम बिनबोभाट झालं होतं त्याचा असा बोभाटा झाला की संध्याकाळपर्यंत आमचे फोन खाली ठेवता येईनात. एका कापडवाल्यानं कॉम्प्युटरची वायर काढून पोलिसात जायची धमकी दिली. दुसऱ्यानं सगळी बिलं परत हातानं तपासली आणि ती बरोबर निघाली म्हणून जास्तच घाबरला. काका प्रत्येकाला सांगत होते, ‘घबराओ मत, बिल वैसा का वैसा है.’ लोकांना काय तसंच आहे हे आधी सांगायचं असतं, हा नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. फक्त सांगायला उशीर झाला होता, आणि तो त्यांच्यामुळे नव्हता.

त्यानंतर मालकानं मला एकटीला बोलावलं. गुपचूप अपडेट चालू राहणार होतं. म्हणजे फोनचं काम संपलं. म्हणजे काकांचं.

‘एक तारखेपासून त्यांना काही काम द्यायचं नाही,’ तो म्हणाला. ‘टेबलावरचा फोन काढून घेऊ. बोलायचं काही नाही. दोन-चार दिवसांत त्यांच्या आपोआप लक्षात येईल. तोंडावर सांगितलं तर वाईट वाटेल त्यांना.’

मला त्याचा संताप आला. आणि तो हे मनापासून काकांच्या भल्यासाठी म्हणत होता, याचा जास्त आला. दोन महिन्यांपूर्वी त्याच खोलीत, त्याच टेबलावर काकांनी गेटची गोष्ट सांगितली होती. ती त्यानं ऐकली होती, त्याला वाईटही वाटलं होतं आणि आता तो स्वतःच्या हातानं तेच कुलूप लावत होता. मी म्हटलं, ‘मी सांगते त्यांना. उद्याच सांगते.’ त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. राजवाड्यापासून नंदानगरपर्यंत मी रिक्षात बसून पाठ करत गेले. काय तसंच राहणार, काय बदलणार, अडलं तर कोणाला विचारायचं. पहिल्या गोष्टीसाठी मला फारसं काही सापडत नव्हतं.

मिलच्या क्वार्टर्सच्या रांगेत शेवटचं त्यांचं घर. काकूंनी दार उघडलं आणि न विचारता पोहे टाकले. काका बनियनवर होते, मला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. फोन कोनाड्यात होता, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल. मी पोह्यांना हात लावला नाही. ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

‘बोल,’ ते म्हणाले.

‘काका, तुमच्या घरचा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांकडे आहे, तो तसाच राहणार,’ मी सुरू केलं. ‘सियागंजचे शेठ तुमच्याशिवाय कोणाशी बोलत नाहीत, तेही तसंच. सकाळी दहा वाजले म्हणून तुम्ही आम्हाला सांगता, ते फोनवरून सांगायचं, मी उचलीन. दिवाळीला ऑफिसात...’

‘लिस्ट लांब झाली,’ काका म्हणाले. ‘म्हणजे मोठं काही गेलेलं दिसतंय.’

माझे डोळे भरून आले. त्यांनी मला वेळ दिला. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते वेळ देत, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं.

‘नोकरी?’ त्यांनीच विचारलं.

‘हो. एक तारखेपासून यायचं नाही. फोनचं काम बंद झालं.’

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या. काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं घड्याळ नव्हतं, एक कॅलेंडर होतं.

‘साहेबांनी सांगायला पाठवलं?’

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी आले.’

‘हं.’ त्यांनी मान हलवली. ‘गेटपर्यंत जाऊन नाही कळलं. हे चांगलं केलंस बेटा.’ मग त्यांनी फोनवर विचारायचे त्याच आवाजात विचारलं, ‘अडलं तर कोणाला विचारायचं?’

‘मला.’

‘ऑफिस बंद झाल्यावर अडलं तर?’

‘मला. घरी. नंबर लिहून देते.’

त्यांनी सगळं एकदा पुन्हा म्हणून दाखवलं. नंबर तोच, शेठ तेच, दहा वाजले ते फोनवर. एक तारखेपासून जायचं नाही. अडलं तर हिला विचारायचं. काहीही सुटलं नाही. मग ते उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

‘समझ गया,’ ते म्हणाले. ‘भेजो.’

माझ्यासमोर दाबायला काही नव्हतं. मी नुसती मान हलवली.

‘अहो, बसा की आता,’ काकू म्हणाल्या. ‘पोहे गार होऊन राहिलेत.’

काका बसले नाहीत. मूठ वळून तसेच उभे राहिले. मग मीही उठले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं दारातून पुढे येऊन काकूही.